परतीचा पाऊस आणि कोकण किनारा : सप्टेंबर-ऑक्टोबरचा हवामान अंदाज कसा वाचावा, कसा वापरावा

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतचे सहा आठवडे कोकण किनाऱ्यावर सर्वाधिक निर्णयांचे असतात. हळवे भात कापणीला येते, गरव्या भाताच्या लोंब्या भरू लागतात, मासेमारी नौका लांबच्या फेऱ्यांवर निघतात, कोळीवाड्यांत सुकवणीची आणि मिठागरांत बांधबंदिस्तीची तयारी सुरू होते. याच दिवसांत आकाश मात्र सर्वांत कमी भरवशाचे असते, कारण जूनपासून एका दिशेने वाहणारे वारे मोडतात आणि त्यांची जागा घेणारे वारे अजून स्थिरावलेले नसतात. जुलैत पाऊस पडणार हे गृहीत धरून आणि जानेवारीत तो पडणार नाही हे गृहीत धरून काम करता येते. शरद ऋतूच्या तोंडावर या दोन्ही गृहीतांचा आधार सुटतो. जुलैतल्या मुसळधार पावसाच्या तुलनेत ऑक्टोबरातील एखाद्या दिवसाचा पाऊस आकड्याने लहान असला, तरी तो कापून पसरलेल्या भातावर पडत असल्यामुळे त्याने होणारे नुकसान मोठे असते. म्हणून या काळात एकच अंदाज सगळ्या कामांना पुरत नाही. प्रत्येक कामाला किती तासांचा किंवा दिवसांचा निर्धोक अवधी लागतो हे आधी ठरवून, तेवढ्याच पल्ल्याचा अंदाज त्या कामासाठी पाहणे हीच या ऋतूत उपयोगी पडणारी पद्धत आहे.

मॉन्सून परततो म्हणजे काय होते

उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन तापून तेथे हवेचा दाब कमी होतो आणि त्या दिशेने समुद्रावरील बाष्प घेऊन येणारे नैर्ऋत्य वारे कोकणाला पाऊस देतात. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो, राजस्थानकडील जमिनीची उष्णता ओसरू लागते आणि तेथील कमी दाबाचे क्षेत्र विरते. त्याच्या जागी वरून खाली उतरणाऱ्या, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळत वाहणाऱ्या कोरड्या हवेचे क्षेत्र तयार होते. या रचनेला प्रत्यावर्त म्हणतात. वातावरणाच्या खालच्या थरात असा प्रत्यावर्त स्थिरावला, सलग पाच दिवस पाऊस थांबला आणि हवेतील बाष्प लक्षणीय घटले, म्हणजे वायव्य भारतातून मॉन्सून परतू लागल्याचे भारतीय हवामान विभाग जाहीर करतो. तिन्ही निकष एकत्र पूर्ण व्हावे लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवस ऊन पडले म्हणजे मॉन्सून गेला असे समजता येत नाही.

हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार पश्चिम राजस्थानातून परतीचा प्रवास १७ सप्टेंबरला सुरू होतो, मुंबईतून मॉन्सून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो देशाच्या बहुतेक भागातून निघालेला असतो. परतीची ही रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असल्याने पालघर आणि ठाणे आधी मोकळे होतात, तर सिंधुदुर्ग आणि गोवा यांना आणखी काही दिवस थांबावे लागते. या तारखा १९७१ ते २०१९ या काळातील नोंदींची सरासरी असल्यामुळे एखाद्या वर्षीची प्रत्यक्ष तारीख त्यांच्या बरीच पुढे-मागे जाऊ शकते. २०१९ मध्ये राजस्थानातूनच परतीचा प्रवास ९ ऑक्टोबरला, म्हणजे तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उशिरा सुरू झाला आणि मागच्या वर्षांच्या आठवणीवर भातकापणीचा दिवस धरणाऱ्या शेतकऱ्यांचा हिशेब त्या वर्षी चुकला.

पारंपरिक पंचांगात हाच काळ सूर्यनक्षत्रांनी मोजला जातो. सूर्य उत्तरा नक्षत्रात १३ सप्टेंबरच्या, हस्तात २७ सप्टेंबरच्या, चित्रात १० ऑक्टोबरच्या आणि स्वातीत २४ ऑक्टोबरच्या सुमारास प्रवेश करतो. हस्ताच्या पावसाचा गडगडाट आणि चित्रातील उन्हाची तलखी ही अनेक पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली माहिती असून ऋतूचा सर्वसाधारण स्वभाव ती अचूक सांगते. तथापि नक्षत्रप्रवेशाची तारीख दरवर्षी जवळजवळ तीच राहते आणि वाऱ्यांची चाल दरवर्षी बदलते, म्हणून नक्षत्रावरून कामांचा क्रम लावावा, पण कामाचा नेमका दिवस त्या वर्षीच्या अंदाजावरूनच ठरवावा.

या दिवसांत अपेक्षित असलेले हवामानाचे चार प्रकार

पहिला प्रकार दुपारनंतरच्या गडगडाटी पावसाचा आहे. मॉन्सूनच्या भरात पाऊस समुद्राकडून येतो आणि दिवसा-रात्री केव्हाही पडतो, परंतु परतीच्या काळात सकाळी ऊन पडते, ओली जमीन तापते, बाष्पयुक्त हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर उंच ढग उभे राहतात. वरच्या थरातील वारे एव्हाना पूर्वेकडून वाहू लागलेले असल्याने हे ढग घाटमाथ्यावरून किनाऱ्याकडे उतरतात. त्यामुळे सावंतवाडी, लांजा, खेड किंवा कर्जत या डोंगराच्या पायथ्याजवळच्या भागांत तीन-चारच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि किनाऱ्यावर तो संध्याकाळी पोहोचतो किंवा वाटेतच विरतो. या काळात सकाळचे निरभ्र आकाश हे दिवसभराच्या कोरड्या हवामानाचे चिन्ह मानू नये. दुपारी बारानंतर पूर्वेच्या क्षितिजाकडे पाहण्याची सवय अधिक उपयोगी ठरते.

दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या प्रणालींचा आहे. उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे या दिवसांत कधीकधी तेलंगणा आणि महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्राच्या दिशेने येतात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारी अशी एक प्रणाली दुसऱ्या दिवशी सोलापूर-पुण्याच्या परिसरात पोहोचून अतिवृष्टी करून गेली आणि पुढे अरबी समुद्रात उतरली. सप्टेंबर २०२१ मध्ये आंध्र-ओडिशाच्या बाजूने जमिनीवर आलेल्या गुलाब चक्रीवादळाचे अवशेष अरबी समुद्रात पोहोचल्यावर त्यांतून शाहीन हे नवे चक्रीवादळ उभे राहून ओमानवर धडकले. म्हणून कोकणातील वाचकाने पूर्व किनाऱ्यावरील हवामानाच्या बातमीकडे दूरची बातमी म्हणून पाहू नये. तेथून कोकणापर्यंत प्रणाली येण्यास साधारणपणे दोन ते तीन दिवस लागतात आणि तेवढी पूर्वसूचना पुष्कळ कामांना पुरेशी असते.

तिसरा प्रकार अरबी समुद्रातच जन्मणाऱ्या प्रणालींचा आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक मॉन्सूनपूर्वी मे-जूनमध्ये आणि दुसरा मॉन्सूननंतर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस आलेले क्यार चक्रीवादळ किनाऱ्यावर न आदळता ओमानच्या दिशेने गेले आणि समुद्रात महाचक्रीवादळ बनले, पण त्याआधी त्याच्या बाहेरील ढगांनी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात मुसळधार पाऊस पाडला आणि उधाणाच्या लाटांनी किनाऱ्याचे नुकसान केले. वादळाचा मार्ग किनाऱ्यापासून दूर जाणारा दाखवला असला तरी पाऊस, वारा आणि लाटा यांचा पल्ला त्याच्या केंद्रापलीकडे शेकडो किलोमीटर असतो, हे यावरून ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर २००९ मधील फयान चक्रीवादळ तर ११ तारखेला अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि समुद्रात असलेल्या कोकणातील मच्छीमारांना त्यात प्राण गमवावे लागले.

चौथा प्रकार ऑक्टोबरच्या उकाड्याचा आहे. ढग हटतात, जमिनीत ओल असते, हवेत बाष्प टिकून राहते आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे दिवसाही रेंगाळल्याने समुद्राकडून येणारा खारा वारा उशिरा सुरू होतो. मुंबईचे सरासरी कमाल तापमान या महिन्यात ३३ ते ३४ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि काही दिवस ते ३६ अंशांच्या वर जाते. दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीराला जाणवणारी उष्णता तापमापकावरील आकड्यापेक्षा जास्त असते, म्हणून कापणी, बांधकाम किंवा जाळी दुरुस्तीसारखी उन्हातील कामे शक्यतो सकाळी अकरापूर्वी आणि दुपारी चारनंतर करावीत.

हवामान पत्रकातील शब्दांचे अर्थ

हवामान विभागाच्या दृष्टीने पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे व गोवा मिळून कोकण आणि गोवा असा एक हवामान उपविभाग होतो आणि त्याचा अंदाज मुंबईतील प्रादेशिक हवामान केंद्र व पणजीतील हवामान केंद्र यांच्या पत्रकांतून मिळतो. या पत्रकांतील नेहमीचे वाटणारे शब्द ठरलेल्या मापांना बांधलेले असल्यामुळे ती मापे माहीत असणे हीच अंदाज वाचण्याची पहिली पायरी आहे.

पावसाचे प्रमाण २४ तासांवर मोजले जाते. २.५ ते १५.५ मिलिमीटर पावसाला हलका, १५.६ ते ६४.४ मिलिमीटरला मध्यम, ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला अतिमुसळधार आणि त्याहून अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हटले जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, त्यामुळे मुसळधार पावसाच्या सर्वांत खालच्या मापातही एका गुंठ्यावर सुमारे साडेसहा हजार लिटर पाणी पडते. आपल्या खाचरातून, अंगणातून किंवा छपरावरून एवढे पाणी कोठून वाहून जाईल याचा विचार त्या आकड्याबरोबरच करावा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरला जात असल्याने एखाद्या तारखेला नोंदलेला पाऊस बहुधा आदल्या दिवशीच्या दुपारी किंवा रात्री पडलेला असतो.

व्याप्तीचे शब्दही असेच नेमके आहेत. तुरळक ठिकाणी म्हणजे उपविभागातील चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे चतुर्थांश ते निम्म्या, बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्मे ते तीन चतुर्थांश आणि बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. परतीच्या काळात तुरळक ठिकाणी हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा अर्थ हलका पाऊस असा घेतला जातो, जो चुकीचा आहे. तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस म्हणजे थोड्याच गावांत, पण जोराचा पाऊस. ते गाव कोणते असेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, म्हणून तयारी सगळ्यांनीच करावी लागते. पाऊस होण्याची शक्यता आहे असे पत्रकात म्हटलेले असेल तर संभाव्यता साधारण २५ ते ५० टक्के आणि खूप शक्यता म्हटलेले असेल तर ५० ते ७५ टक्के असते.

रंगांचा अर्थ प्रामुख्याने कृतीशी जोडलेला आहे. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारंगी म्हणजे तयारीत राहावे आणि लाल म्हणजे लगेच कृती करावी. रंग ठरवताना पावसाच्या आकड्याबरोबर त्याचा संभाव्य परिणामही विचारात घेतला जातो. पिवळा इशारा पाऊस नसल्याची ग्वाही देत नाही आणि कापलेल्या भाताच्या मालकासाठी पिवळ्या इशाऱ्याचे दिवसही पुरेसे धोक्याचे असतात.

पल्ल्याच्या दृष्टीने अंदाजाचे चार प्रकार वेगळे ओळखावेत. दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा विस्तारित अंदाज पुढील चार आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी राहील एवढेच सांगतो. त्यावरून मजुरांची, यंत्रांची आणि साठवणीची व्यवस्था आखावी, परंतु कापणीचा दिवस ठरवू नये. सात दिवसांपर्यंतचा मध्यम पल्ल्याचा अंदाज कोरड्या आणि ओल्या दिवसांचे गट दाखवतो. एक ते तीन दिवसांचा जिल्हावार अंदाज प्रत्यक्ष निर्णयासाठी सर्वांत विश्वासार्ह असतो. शेवटचा तात्काळ अंदाज पुढील तीन तासांपुरता असून तो मुंबई आणि गोवा येथील डॉप्लर रडारच्या निरीक्षणांवर आधारलेला असतो. दुपारच्या गडगडाटी ढगाचा ठावठिकाणा फक्त याच अंदाजातून कळू शकतो. मौसम या मोबाइल ॲपवर सर्वसाधारण अंदाज, मेघदूतवर शेतीसाठीचा सल्ला आणि दामिनीवर विजांची सूचना मिळते.

शेतकऱ्यांसाठी : कोरड्या दिवसांची मोजणी

भातकापणीचा निर्णय पिकाची पक्वता आणि कोरडे दिवस या दोन गोष्टींवर अवलंबून असतो. लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे सोनेरी झाले की पीक कापणीला तयार समजावे आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातील पाणी काढून टाकावे, कारण कोरड्या जमिनीत पीक सहज आडवे पडत नाही आणि ढगाळ वेळेतही कापणी करता येते. कापलेले भात शेतात सुकवणे, भारे बांधून खळ्यावर आणणे, झोडणी करणे आणि दाणे उन्हात वाळवणे या सगळ्यांना मिळून किमान तीन ते चार कोरडे दिवस लागतात. सात दिवसांच्या अंदाजात असा सलग गट दिसत असेल आणि पुढील तीन दिवसांच्या जिल्हावार अंदाजाने त्याला दुजोरा दिला, तर पूर्ण क्षेत्र कापण्यास हरकत नाही.

असा गट दिसत नसेल तेव्हा थांबणे नेहमीच शहाणपणाचे ठरते असे नाही, कारण पूर्ण पिकलेले भात उभे ठेवल्यास दाणे झडतात आणि पावसात ते आडवे पडून लोंबीतच दाण्याला मोड येतात. अशा वेळी कापणी तुकड्यांनी करावी. सकाळी दव ओसरल्यावर कापणी सुरू करून, दुपारी तीनच्या आत भारे बांधून, छपराखाली किंवा ताडपत्रीखाली उडवी रचता येईल एवढेच क्षेत्र त्या दिवशी हाती घ्यावे; यात एका दिवसाच्या पावसाने सगळ्या पिकाचे नुकसान होत नाही. उडवी ओलसर जमिनीवर थेट न रचता फळ्या किंवा दगड घालून उंच करावी आणि लोंब्यांची टोके आतल्या बाजूला ठेवावीत. पीक आडवे पडलेच तर चार-पाच चूड एकत्र बांधून उभे करावेत आणि लोंब्यांना मोड येऊ नये म्हणून लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात मिठाच्या पाण्याची फवारणी करावी. भात साठवण्यापूर्वी दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणणे आवश्यक आहे. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर तो पुरेसा वाळला असा अंदाज बांधता येतो.

गरव्या आणि निमगरव्या भाताला सप्टेंबरअखेरचा पाऊस हवा असतो, पण ढगाळ, दमट आणि वाऱ्याविना असलेले दिवस तुडतुडे व करपा रोगाला पोषक ठरतात. अशा दिवसांचा गट अंदाजात दिसला की चुडांच्या बुंध्याशी तुडतुडे आहेत का हे पाहावे आणि फवारणी करायची झाल्यास पुढील किमान सहा तास पाऊस नसल्याची खात्री तात्काळ अंदाजावरून करून घ्यावी. कापणीच्या तोंडावर लोंब्या कुरतडणाऱ्या लष्करी अळीचे निरीक्षण सायंकाळी करावे, कारण ती दिवसा बुंध्याशी लपलेली असते.

आंबा बागायतदारांनी लांबलेल्या पावसाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे. हापूसच्या झाडाला मोहोर येण्यासाठी पावसानंतर कोरडा ताण आणि पुढे थंडी लागते. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला तर झाडे नवी पालवी काढतात आणि मोहोर मागे पडतो, म्हणून अशा वर्षी पालवीवरील तुडतुडे व इतर किडींच्या बंदोबस्ताचे आणि पुढील फवारण्यांचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सल्ल्याने पुढे सरकवावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणारा कृषी हवामान सल्ला या सर्व बाबतीत मार्गदर्शक असतो आणि तो गावाच्या फलकावर किंवा गटाच्या मोबाइल संदेशात पोहोचेल अशी व्यवस्था प्रत्येक ग्रामपंचायतीने करावी.

नुकसान झाल्यास पंचनाम्यासाठी तारीख दिसणारी छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास तो अतिवृष्टी मानला जातो आणि ही नोंद मंडळातील स्वयंचलित केंद्राची असते. गावातील पाऊस त्या केंद्रापेक्षा बराच जास्त असू शकतो, म्हणून शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेण्याची प्रथा गावाच्या हिताची आहे.

मच्छीमारांसाठी : फेरीच्या लांबीएवढा अंदाज

समुद्रावरचा नियम सोपा आणि कठोर आहे : नौका जितके दिवस बाहेर राहणार तितक्या दिवसांचा अंदाज निघण्यापूर्वी हाती असला पाहिजे आणि परतीच्या प्रवासाचा वेळ त्यात धरलेला असला पाहिजे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या होडीला २४ तासांचा अंदाज पुरतो, तर आठ-दहा दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाने आठवड्याचा अंदाज पाहून निघावे आणि समुद्रात असताना दररोज नवा अंदाज ऐकावा. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची, वारा, प्रवाह आणि दूरवरून येणाऱ्या फुगवणीचा अंदाज देते. त्याच केंद्राकडून मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्राची माहितीही मिळते. ही दोन्ही पत्रके एकत्र वाचावीत आणि मासळीच्या क्षेत्राची माहिती समुद्रस्थितीच्या इशाऱ्यापेक्षा वरचढ मानू नये.

फुगवण म्हणजे दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा होत. स्थानिक वारा पडलेला असताना आणि आकाश स्वच्छ असतानाही त्या येतात, त्यामुळे खाडीच्या मुखाशी आणि उथळ पट्टीवर त्या अचानक उसळतात आणि लहान होड्या उलटतात. दूर समुद्रात प्रणाली असल्याची बातमी असेल तर खाडीचे मुख ओहोटीच्या वेळी ओलांडू नये, कारण बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर येऊन लाटा उंचावतात.

प्रणालीची तीव्रता वाऱ्याच्या वेगावरून ठरते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्याच्या प्रणालीला डिप्रेशन, ५० ते ६१ किलोमीटरला डीप डिप्रेशन आणि ६२ किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ म्हटले जाते. चक्रीवादळाचे नाव जाहीर होईपर्यंत थांबण्याची चूक जीवघेणी ठरू शकते, कारण लहान नौकेला डिप्रेशनचा वाराही पेलत नाही. बंदरावर चढवल्या जाणाऱ्या बावट्यांत १ आणि २ क्रमांक दूरच्या समुद्रातील प्रणालीची सूचना देतात, तर ३ क्रमांकाचा बावटा खुद्द त्या बंदराला वादळी वाऱ्याचा धोका असल्याचे सांगतो. हा बावटा चढल्यावर कोणतीही नौका बाहेर काढू नये आणि समुद्रात रोवलेली डोल जाळी आधीच काढून आणलेली असावीत. बाहेर असलेल्या नौकांनी घरच्या बंदराचा आग्रह न धरता जवळच्या सुरक्षित आसऱ्याला जावे. देवगड, विजयदुर्ग, जयगड आणि दिघी येथील खाड्या अशा वेळी उपयोगी पडतात. प्रत्येक नौकेवर लाइफ जॅकेट, चालू स्थितीतील व्हीएचएफ संच आणि संकटसूचक यंत्र असावे, खलाशांची यादी किनाऱ्यावर ठेवावी आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

बोंबील आणि जवळा सुकवणाऱ्या महिलांसाठी ऑक्टोबरातील एक सर दिवसभराची कमाई नासवू शकते. वलांडीवर मासळी घालण्याचा निर्णय आदल्या रात्रीच्या जिल्हावार अंदाजावर आणि दुपारी ती आवरण्याचा निर्णय तात्काळ अंदाजावर घ्यावा. गडगडाटी सरी प्रामुख्याने दुपारनंतर येत असल्याने पहिल्या पंधरवड्यात थोडाच माल उघड्यावर घालणे आणि परतीची रेषा दक्षिणेकडे सरकल्याचे जाहीर झाल्यावर प्रमाण वाढवणे हितावह आहे.

खाडीकाठ, वस्ती आणि घर

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येते आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस झाल्यास नदी-नाल्यांचे पाणी खाडीत उतरू शकत नाही. म्हणून खाडीकाठच्या गावांनी पावसाच्या अंदाजाशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवावी. पूर्ण भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट केल्यास ती तासांत अंदाजे मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते असे त्यावरून निघते. नेमक्या वेळेसाठी मात्र बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. खारभूमीतील बांधांची उघाडी कचऱ्याने अडकलेली नाही ना, आणि बांधाला खेकड्यांनी पोखरून खांड जाण्यासारखी जागा झालेली नाही ना, हे हस्त नक्षत्र लागण्यापूर्वी तपासावे, कारण भात तयार होत असताना शिरलेले खारे पाणी त्या पिकाबरोबर पुढच्या हंगामाच्या जमिनीचेही नुकसान करते.

विजेपासून बचावाचे नियम या ऋतूत सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण कोकणात वीज पडण्याचा धोका मॉन्सूनच्या भरापेक्षा त्याच्या सुरुवातीला आणि परतीला अधिक असतो. आवाज एक किलोमीटर अंतर सुमारे तीन सेकंदांत कापतो, त्यामुळे चमक दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून शेत, समुद्रकिनारा किंवा उघडे पठार ताबडतोब सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पक्के घर किंवा बंद मोटार हा सुरक्षित आसरा आहे. एकटे झाड, खोपी, उघडा मांडव आणि पाण्यातील होडी हे आसरे नव्हेत. जवळ आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. कापणीच्या कामावर असलेल्या प्रत्येक गटात एकाच्या तरी मोबाइलवर दामिनी ॲप चालू असावे आणि काम थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला द्यावा.

आरोग्याच्या दृष्टीने साचलेल्या पाण्यातून डेंग्यू आणि चिखलाच्या खाचरातून लेप्टोस्पायरोसिस पसरण्याचा धोका याच महिन्यांत असतो. पायावर जखम असताना चिखलात उतरू नये आणि ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कापणीच्या वेळी बांधावर आणि पेंढ्याखाली फुरशासारखे विषारी साप आढळतात. बूट घालून, काठीने चाहूल देत काम करणे आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जाणे यांनी प्राण वाचतात. आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हा क्रमांक वापरावा.

आठवड्याची शिस्त

या सगळ्या सूचना व्यवहारात उतरण्यासाठी अंदाज पाहण्याची ठरावीक वेळ असावी लागते. गुरुवारी चार आठवड्यांचा कल पाहून मोठ्या कामांची मांडणी करावी, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला वाचावा, रोज संध्याकाळी पुढील तीन दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि भरतीची वेळ पाहावी आणि काम चालू असताना दुपारी बारानंतर तात्काळ अंदाज तपासत राहावा. अंदाज रोज बदलतो म्हणून तो निरुपयोगी आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की नव्या निरीक्षणांप्रमाणे तो सुधारला जातो आणि म्हणूनच कालच्या अंदाजावर आजचा निर्णय घेणे धोक्याचे असते. फयानच्या वेळी समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचवण्याची साधने आजच्या तुलनेत फारच थोडी होती. आज उपग्रह, रडार आणि मोबाइल यांमुळे इशारा बहुतेक घरांत वेळेवर पोहोचतो. कोणत्या इशाऱ्यावर कोणते काम थांबवायचे हे प्रत्येक शेतकऱ्याने, तांडेलाने आणि ग्रामपंचायतीने हंगाम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठरवले, तरच त्या इशाऱ्याचे रूपांतर वाचलेल्या पिकात आणि सुखरूप परतलेल्या माणसांत होईल.